उतारवयाचा जमाखर्च

आपल्या वस्तीत कोणी नोकरीतून निवृत्त झाले की छोटेखानी कार्यक्रम होतो. विहारात वंदना होते, भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा भेट देतात, शाल घालतात, दोन-चार जण भाषणे करतात. प्रत्येक भाषणाचा शेवट ठरलेला असतो, "खूप कष्ट केले, आता आराम करा." ऐकायला बरे वाटते. पण साठीला निवृत्त झालेला माणूस पुढे पंधरा-वीस वर्षे जगतो. एवढा काळ नुसता आराम कोणाला जमला आहे? पहिला महिना झोपेत जातो, दुसरा पाहुण्यारावळ्यांत जातो आणि तिसऱ्या महिन्यापासून तो नाक्यावर नाहीतर टीव्हीसमोर बसलेला दिसतो. या वर्षांचे करायचे काय, हे त्याला कोणी सांगितलेले नसते आणि त्यानेही कधी मनाशी ठरवलेले नसते.

मी गेली वीस वर्षे एका निमशासकीय कार्यालयाच्या लेखा शाखेत लिपिक आहे. निवृत्त होणाऱ्यांची प्रकरणे माझ्या टेबलावर असतात. सेवापुस्तक तपासणे, ग्रॅच्युइटी आणि रजेच्या पैशांचा हिशेब करणे, पेन्शनचे कागद पुढे पाठवणे हे माझे रोजचे काम. रविवारी सकाळी वंदना झाल्यावर मी विहारातच एक टेबल टाकून बसते आणि वस्तीतल्या ज्येष्ठांचे कागदपत्र पाहून देते. त्यामुळे माणूस निवृत्त होताना मला भेटतो आणि निवृत्तीनंतर पाच-दहा वर्षांनीही भेटतो. या दोन भेटींमध्ये त्याच्यात काय बदल झाला, हे मला जवळून पाहायला मिळते. त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

"उतारवयात साधे राहावे, गरजा कमी कराव्यात," असे सगळेच सांगतात. पण 'साधी राहणी' हे शब्द आपल्या समाजात जपून वापरले पाहिजेत. माझ्या आजीकडे दोन लुगडी होती, एक अंगावर आणि एक वळणीवर. तिसरे नव्हते म्हणून दोन होती. तिच्या साधेपणाचा कोणी सत्कार केला नाही, कारण तो तिने निवडलेला नव्हता, तिच्यावर लादलेला होता. बाबासाहेबांनी १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात बुद्ध धम्माच्या भवितव्यावर एक लेख लिहिला. धर्म कसा असावा याच्या कसोट्या त्यांनी त्यात सांगितल्या आहेत. धर्माने दारिद्र्याला पवित्र ठरवता कामा नये, ही त्यांतली एक कसोटी. ज्याच्या ताटात एकच भाकरी आहे, त्याला अर्धी कमी कर असे सांगणे हा उपदेश नव्हे, ती क्रूर थट्टा आहे. मी ज्या साधेपणाबद्दल लिहीत आहे, त्यात पोटभर जेवण, वेळेवर औषध आणि डोक्यावर पक्के छप्पर या गोष्टी आधी येतात. त्यानंतर काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे माणसाने स्वतः विचार करून ठरवायचे असते.

आणि येथेच आपल्या लोकांची मोठी अडचण होते. शिपाई, सफाई कामगार, फिटर, ड्रायव्हर अशा माणसाच्या हातात निवृत्तीच्या वेळी जी रक्कम येते, तेवढी त्याने आयुष्यात एकदम कधी पाहिलेली नसते. ती मिळायच्या आधीच तिला वाटा फुटतात. मुलीचे लग्न, मुलाची रिक्षा, वर एक खोली, गावाकडच्या भावकीचे देणे, आणि दोन वर्षांत पैसे दुप्पट करून देतो म्हणणारा कोणीतरी ओळखीचा. आमच्या कार्यालयातून निवृत्त झालेले एक शिपाईमामा दोन वर्षांनी माझ्या टेबलाशी आले. दोन्ही मुलांची लग्ने हॉल घेऊन, बॅण्ड लावून झाली होती. मामा हळूच म्हणाले, "ताई, माझं काही राहिलंय का बघा ना फाईलीत." मी फाईल काढली, पाने उलटली. काही राहिलेले नव्हते. हे त्यांनाही ठाऊक असावे. पण विचारायला दुसरी जागा नव्हती.

मामांना निदान दरमहा पेन्शन होती. खासगी कारखान्यात काम केलेल्यांची स्थिती याहून कठीण आहे. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत किमान पेन्शन २०१४ साली ठरली, ती महिना १००० रुपये. एवढ्यात रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या तरी महिनाभर पुरतील का? अशा माणसाच्या हातची जमा रक्कम एका लग्नात संपली, तर उरलेले आयुष्य त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत काढावे लागते. मग त्याला लोक साधा म्हणतात. वास्तविक तो लाचार झालेला असतो.

मी कॉमर्सची पदवीधर. कॉलेजात जमाखर्च, ताळेबंद हे सारे परीक्षेपुरते शिकले. पुढे विहारात वर्षावासात दीघजाणूची गोष्ट ऐकली, तेव्हा हा विषय धम्मातही आहे हे प्रथम कळले. कोलिय कुळातला दीघजाणू भगवान बुद्धांकडे जातो आणि म्हणतो, आम्ही बायकामुलांत राहणारी, चंदन लावणारी, फुलांच्या माळा घालणारी, सोनेचांदी बाळगणारी प्रापंचिक माणसे, आमच्या हिताचे काही सांगा. भगवंतांनी त्याला संसार सोड असे सांगितले नाही. कष्ट करून मिळवावे, मिळवलेले सांभाळावे, चांगल्या माणसांची संगत धरावी आणि मिळकत पाहून बेताने खर्च करावा, असे त्यांनी सांगितले. शेवटच्या गोष्टीसाठी त्यांनी तराजूचा दाखला दिला. तराजू धरणाऱ्याला जसे कळते की पारडे किती झुकले, तसे गृहस्थाला आपली मिळकत आणि खर्च कळला पाहिजे. उधळपट्टी नको, तशीच हात आखडून उपाशी मरणारी कंजुषीही नको. पाली भाषेत याला समजीविता म्हणतात. साधेपणाची याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

आता माझ्या घरचे सांगते. माझे बाबा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. २०११ साली ते साठाव्या वर्षी निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड, रजेचे पैसे आणि पेन्शनचा काही भाग विकून आलेले पैसे, असे सगळे मिळून बारा लाखांच्या जवळपास रक्कम आली. पेन्शन विकणे म्हणजे कागदावरचे अंशराशीकरण. शासकीय पेन्शनचा ठरावीक हिस्सा आगाऊ एकरकमी घेता येतो आणि पंधरा वर्षांनी पेन्शन पूर्ववत होते. कल्याणच्या आमच्या दोन खोल्यांत त्या रात्री कोणाला झोप लागली नाही. धाकट्या भावाचे लग्न ठरले होते. त्याला आणि आमच्या नातेवाइकांना वाटत होते की आता हॉल, डीजे, हजार माणसांचे जेवण असे जोरात होणार.

बाबांनी दुसऱ्या दिवशी जुन्या वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आखले. भन्तेजींनी सिगाल सुत्तावर दिलेले प्रवचन त्यांच्या ध्यानात होते. मिळकतीचे चार भाग करावेत, एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवावा, असे त्या सुत्तात येते. बाबा म्हणाले, "आता धंदा कसला करणार मी? या दोन भागांनीच माझ्यासाठी काम करायचं." म्हणून सहा लाख रुपये त्यांनी पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. त्या वर्षी व्याज ९ टक्के होते. दर तिमाहीला १३,५०० रुपये येऊ लागले. तीन लाख बँकेत मुदत ठेवीत टाकले, त्यांना हात लावायचा नाही असे ठरले. उरलेल्या तीन लाखांत भावाचे लग्न, गावच्या घरावर नवे पत्रे आणि आईबाबांची बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर अशी सहल.

भावाचा मंगल परिणय विहारात दीडशे माणसांत झाला. जेवण चांगले होते, पाहुणचारात काही कमी पडले नाही. पण भाऊ रागावला. "एवढे पैसे असून माझ्या लग्नातच हिशेब केला," असे तो सगळ्यांना सांगत राहिला. नातेवाईकही बोलले, म्हातारा पैसा छातीवर बांधून नेणार काय? जवळजवळ आठ महिने भाऊ बाबांशी नीट बोलत नव्हता. बाबा रोज संध्याकाळी दाराशी बसायचे आणि तो त्यांच्यासमोरून आत जायचा. आई एकदा म्हणाली, "द्या हो त्याला काय पाहिजे ते, घरात बोलणं तर होईल." बाबांनी नकार दिला, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत. साधेपणा फुकट मिळत नाही, त्याची किंमत अशी घरातच मोजावी लागते, हे मी तेव्हा पाहिले.

पुढे २०२० साली टाळेबंदी आली. भाऊ खासगी कंपनीत गाड्या चालवत होता. त्याचा पगार बंद झाला. घरात दोन लहान मुले. बाबांनी मुदत ठेव मोडली आणि पाच महिने सगळे घर त्यावर चालले. त्या पाच महिन्यांत बाबांनी लग्नाचा विषय एकदाही काढला नाही. भावानेही काढला नाही. पण नोकरी पुन्हा लागल्यावर तो पहिल्या पगारातले पाच हजार रुपये घेऊन बाबांकडे आला आणि म्हणाला, "बाबा, ते परत बँकेत टाका." तेवढेच.

पैशाचे झाले. आता वेळेचे सांगते. बाबा निवृत्त झाल्यावर साधारण महिन्याभराने आई त्यांना म्हणाली, "तुम्ही साठीला सुटलात. मी कधी सुटायची?" आईने चाळीस वर्षे स्वयंपाक केला, शिवाय घरी बसून साड्यांना फॉल-पिको केले. तिच्या कामाचे सेवापुस्तक कोणी ठेवले नाही. निवृत्त पुरुष घरी बसला की त्याला दर दोन तासांनी चहा लागतो, म्हणजे बाईचे काम उलट वाढते. बाबा काही बोलले नाहीत. पण दोन-चार दिवसांनी त्यांनी संध्याकाळचा वरणभात आपल्याकडे घेतला. पहिले काही दिवस डाळ कच्ची राहायची, आम्ही गुमान खायचो. आजही संध्याकाळची चूल त्यांचीच. भगिनींनो, आपल्या घरात निवृत्तीचा विचार करताना हा हिशेब जरूर करावा. घरातल्या एकाच्या आरामासाठी दुसऱ्याची दमछाक होत असेल, तर त्या घरात साधेपणाही नाही आणि समताही नाही.

आईला मोकळी संध्याकाळ मिळाली, तिचे तिने काय केले? ती चौथीपर्यंत शिकलेली. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, आमच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. आई वर्षानुवर्षे मागे बसून ऐकायची. आता ती घरी रोज अर्धे पान बोट ठेवून वाचू लागली. दोन वर्षांनी एका संध्याकाळी तिने विहारात सर्वांसमोर एक पान वाचले. जोडाक्षराला अडखळली, तेथे थांबली, पुन्हा वाचले. साठी ओलांडलेल्या माझ्या आईला त्या दिवशी मी प्रथमच स्वतःसाठी काही करताना पाहिले.

घरातल्या वस्तूंचीही गोष्ट अशीच. आमच्या माळ्यावर लग्नाकार्यात आलेली स्टीलची भांडी खोक्यांत भरून होती. जपून ठेवलेली, कधी न वापरलेली. भिक्खूंना आठ वस्तू पुरतात, तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचे फडके. आपण प्रापंचिक, आपले आठांत भागणार नाही. पण ऐंशीत भागावे की नाही? आईने माळा रिकामा केला. मोठी पातेली विहाराला दिली, वस्तीतल्या कार्याला ती आता भाड्याने आणावी लागत नाहीत. ताट-वाट्या नव्याने संसार मांडलेल्या दोन मुलींना दिल्या. आता ती म्हणते, घर झाडायला अर्धा वेळ लागतो.

सजगपणे जगणे म्हणजे काय, असे पुष्कळजण विचारतात. सम्यक स्मृती हा आर्य अष्टांगिक मार्गातला एक भाग आहे. त्यासाठी डोंगरावर जावे लागत नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे होतात, तेथे शुल्क घेत नाहीत. बाबा एकदा दहा दिवस राहून आले. गुडघे दुखतात म्हणून त्यांना बसायला खुर्ची मिळाली. परत आल्यावर ते काही साधूपुरुष झाले नाहीत, भांडी आदळल्यावर अजूनही चिडतात. पण एक फरक पडला. चिडल्यावर लगेच बोलत नाहीत, थोडा वेळ गप्प बसतात. जेवताना टीव्ही बंद असतो. औषधाची गोळी घेतली की कॅलेंडरवर खूण करतात. मोबाईलवर आलेला प्रत्येक निरोप पुढे ढकलत नाहीत, खरा आहे का असे आधी मला विचारतात. उतारवयातील माणसाची सजगता बहुतेक अशाच लहान गोष्टींत असते.

आणि नोव्हेंबर महिन्यात बाबांना फार काम असते. पेन्शनरांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो 'जीवन प्रमाण'द्वारे यंत्रावर बोट ठेवून देता येतो. पण ज्यांनी आयुष्यभर झाडू, घण, फावडे धरले, त्यांच्या बोटांचे ठसेच झिजलेले असतात. यंत्र त्यांना ओळखत नाही. जिवंत माणूस समोर बसलेला आणि यंत्र नाही म्हणते, हे पाहून जीव तुटतो. २०२१ पासून मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय झाली आहे. बाबा ते शिकले. माझ्या रविवारच्या टेबलाशेजारी आता त्यांचीही खुर्ची असते. कोणाचा चेहरा धरायचा, कोणाला चष्मा काढायला सांगायचे, कोण आजारी आहे म्हणून त्याच्या घरी जायचे, ही सगळी यादी त्यांच्या खिशात असते. निवृत्तीच्या दिवशी त्यांना आराम करा म्हणणाऱ्यांपैकी दोघांचे दाखले गेल्या वर्षी बाबांनीच काढून दिले.

कागदपत्रांबाबत थोडे सांगितलेच पाहिजे. राहते घर जिवंतपणी मुलांच्या नावावर करण्याची घाई करू नये. द्यायचेच असेल तर आमचा सांभाळ करावा ही अट दस्तात लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने, अशी अट असताना सांभाळ केला नाही तर तो दस्त रद्द करून घेता येतो. मृत्युपत्र साध्या कागदावर करता येते, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही. बँकेत, पोस्टात वारसाचे नाव लावले आहे का ते पाहावे. हे सारे मरणाचे बोलणे म्हणून आपण टाळतो आणि मग पुण्यानुमोदनाच्या दिवशीच भावाभावांत कागदावरून भांडण होते. अनित्यता आपण वंदनेत रोज म्हणतो, तिची एक प्रत कपाटातल्या फाईलीतही असावी.

माझे वय आज पंचेचाळीस आहे. निवृत्तीला अजून बरीच वर्षे आहेत. पण सवयी साठाव्या वर्षी एकदम लागत नाहीत. म्हणून मी आतापासूनच दर महिन्याला काही रक्कम बाजूला टाकते, कर्ज काढून सण करत नाही आणि रविवारची सकाळ समाजासाठी राखून ठेवते. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली, तेव्हा त्यांचे वय ६५ होते, प्रकृती ढासळलेली होती. आपल्या सर्वांच्या आयुष्याला वळण देणारे काम त्यांनी उतारवयात केले. आपली शक्ती तेवढी नाही, हे खरे. पण एखाद्याचा हयातीचा दाखला काढून देण्याइतकी, शेजारच्या मुलाचा पाढा म्हणून घेण्याइतकी आणि आपल्या साथीदारासाठी संध्याकाळी वरणभात लावण्याइतकी शक्ती आपल्यापैकी बहुतेकांत असते.

वस्तीत यापुढे कोणाचा निवृत्तीचा कार्यक्रम झाला, तर शाल जरूर घालावी. पण त्याबरोबर एक कोरी वही आणि पेनही द्यावे, आणि पहिल्या पानावर चार रकाने आखून द्यावेत. ते कसे भरायचे, हे त्या माणसाने आणि त्याच्या घरच्या बाईने मिळून ठरवावे, एवढेच नम्रपणे सांगावेसे वाटते. जयभीम!